छातीवरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ संध्याकाळी थरथरतो? आधी शटर बघा, मग पट्टा

कोल्हापुरात सकाळी गांधी मैदानावर फुटबॉलच्या सरावात छातीच्या पट्ट्यावरच्या छोट्या ॲक्शन कॅमेऱ्यानं घेतलेला व्हिडिओ झकास येतो, पोरं लगेच स्टेटसला लावतात. तोच कॅमेरा, तोच पट्टा, त्याच पोराची छाती. पण संध्याकाळच्या सरावातला व्हिडिओ दोन मिनिटंसुद्धा बघवत नाही. चित्र जागच्या जागी थरारतं, गोलपोस्टच्या कडा फुटतात, चेंडूच्या जागी नुसता पांढरा फराटा दिसतो. "दादा, कॅमेरा गेला वाटतं" म्हणत पोरगं दुकान गाठतं. दुकानदार कॅमेरा काउंटरवर ठेवून बघतो, चित्र एकदम स्वच्छ. मग नवीन पट्टा घेतला जातो, कोणी नवीन कॅमेराच घेतो, आणि पुढच्या संध्याकाळी पुन्हा तेच.

हा प्रश्न आपल्याकडच्या तालीम मंडळांच्या, म्हणजे फुटबॉल संघांच्या, पोरांकडून हंगामात सारखा येतो, म्हणून सविस्तर लिहितोय. बहुतेक वेळा कॅमेरा ठणठणीत असतो. उजेड कमी झालेला असतो आणि कॅमेऱ्यानं तो आपल्या पद्धतीनं सांभाळून घेतलेला असतो. ती पद्धत पळणाऱ्या माणसाच्या छातीवर चालत नाही. खर्च करण्याआधी दोष कुठला आहे ते ओळखा; त्याला पैसे लागत नाहीत.

आधी एक फ्रेम थांबवून बघा

व्हिडिओ मोबाईलवर न बघता कॉम्प्युटरवर घ्या. पोरगं जोरात पळतंय असा तुकडा काढा, पाय जमिनीवर आपटतो त्या क्षणी थांबवा आणि तिथून एकेक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, पुढं सरका. व्हीएलसी प्लेअरमध्ये इंग्रजी 'ई'चं बटण दाबलं की एक फ्रेम पुढं जाते. नजर चेंडूवर ठेवू नका. गोलपोस्ट, कुंपणाची जाळी, विजेचा खांब असं काहीतरी स्थिर धरा.

आता नीट बघा. थांबवलेली फ्रेमच पुसटलेली आहे, खांबाची कड एका बाजूला ओढल्यासारखी दिसते, पण पुढच्या फ्रेममध्ये खांब जवळजवळ त्याच जागी आहे? मग दोष शटरचा, म्हणजे एका फ्रेमसाठी कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो त्याचा. एकेक फ्रेम स्वच्छ आहे, पण खांब प्रत्येक फ्रेममध्ये वर-खाली उड्या मारतोय? मग पट्टा, माउंट (कॅमेरा पट्ट्याला जोडणारा सांधा) किंवा स्टॅबिलायझेशन (हादरे सावरून चित्र स्थिर ठेवणारी कॅमेऱ्यातली सोय). चित्रावरून आडवे काळपट पट्टे सरकतायत? तो मैदानावरच्या दिव्यांचा आणि शटरचा मामला. संध्याकाळच्या तक्रारींत पहिला प्रकार सगळ्यात जास्त निघतो, आणि लोक उपाय मात्र दुसऱ्या प्रकारावर करत बसतात.

संध्याकाळी शटरचं काय होतं

ॲक्शन कॅमेऱ्याच्या भिंगाचं छिद्र बहुतेक मॉडेलांत कायमचं एकाच मापाचं असतं. साध्या कॅमेऱ्यासारखं ते कमी-जास्त करता येत नाही. त्यामुळं उजेड कमी झाला की कॅमेऱ्यापुढं दोनच वाटा उरतात. एक, शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं. दोन, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढवायचा, म्हणजे चित्रात दाणे येणार. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा दाणे टाळायला बघतो आणि शटर लांबवतो. ३० फ्रेमचं रेकॉर्डिंग असेल तर शटर सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत खाली जाऊ शकतं. बाकावर बसून वाढदिवस शूट करायला हे चालतं. छातीवर चालत नाही.

हिशेब करून बघू. पळताना माणूस मिनिटाला साधारण १६० ते १८० पावलं टाकतो, आणि प्रत्येक पावलाला छातीला झटका बसतो. समजा, त्या झटक्यात कॅमेरा सेकंदाला १०० अंश या वेगानं वळला. शटर १/३० असेल तर ते उघडं असेपर्यंत कॅमेरा ३ अंशांहून जास्त फिरलेला असतो. फोर-के चित्राची रुंदी ३८४० पिक्सेल, भिंगाचा आडवा आवाका १२० अंश धरला, तर एका अंशाला ३२ पिक्सेल येतात. म्हणजे खांबाची कड शंभरेक पिक्सेल पसरली. तेच शटर १/२४० केलं तर हा पसारा १३ पिक्सेलवर येतो, १/४८० ला सातावर. डोळ्याला तेवढं खटकत नाही.

आता स्टॅबिलायझेशन यात कसं गोंधळ घालतं ते समजून घ्या, कारण सगळा घोळ इथंच आहे. कॅमेऱ्यातला जायरो सेन्सर कॅमेरा किती वळला ते मोजतो आणि तेवढी फ्रेम उलट्या दिशेला सरकवून चित्र जागेवर आणतो. हे तो दोन फ्रेममधल्या हालचालीसाठी करतो. एका फ्रेमच्या आत शटर उघडं असताना जे पुसटलं, ते त्याला परत मिळवता येत नाही. परिणामी क्षितिज जागेवर राहतं आणि चित्र मात्र प्रत्येक पावलाला एकदा पुसटतं, एकदा स्वच्छ होतं, पुन्हा पुसटतं. गरगरतं ते यानं. अशा वेळी स्टॅबिलायझेशन 'बूस्ट'वर, म्हणजे सगळ्यात जोरावर, टाकणं म्हणजे त्रास वाढवणं, कारण क्षितिज जितकं स्थिर, तितकी ती धडधड जास्त जाणवते.

सेटिंग

कॅमेऱ्यात प्रो किंवा मॅन्युअल मोड असेल तर शटर हातानं बांधून टाका. सकाळच्या उन्हात १/४८० किंवा त्याहून जलद. ऊन कलल्यावर १/२४०, त्याखाली उतरू नका. आयएसओची वरची मर्यादा १६०० वर अडकवलेली असेल तर ३२०० करा. दाणे येतील, येऊ द्या. १/३० वरून १/२४० वर जाताना उजेड आठ पटींनी कमी होतो, त्यामुळं जे काम आधी आयएसओ ४०० मध्ये होत होतं त्याला ३२०० लागणारच. दाणेदार पण स्पष्ट फ्रेममध्ये कोणाचा पाय कुठं पडला ते कळतं, गुळगुळीत पुसट फ्रेममध्ये कळत नाही. आपल्याला खेळ सुधारायचाय, त्यामुळं माझा कौल कायम दाण्यांच्या बाजूनं.

स्वस्तातल्या कॅमेऱ्यांत शटर बांधायची सोय नसते. तिथं फ्रेमची संख्या वाढवा. ६० फ्रेमला शटर १/६० च्या खाली जाऊच शकत नाही, १२० फ्रेमला १/१२० च्या खाली नाही. फोर-के सोडून १०८०पी वर आलात तर बहुतेक कॅमेऱ्यांत हा पर्याय उघडतो. व्हॉट्सॲपवर पाठवायच्या व्हिडिओला फोर-के लागतही नाही.

एवढं करूनही अंधार पुढं धावला, तर स्टॅबिलायझेशन एक पायरी खाली आणा किंवा बंद करा. ऐकायला उलटं वाटेल. पण चित्र हलतंय आणि त्याबरोबर पुसटतंय हे डोळा स्वीकारतो. चित्र स्थिर आणि तरी पुसट, हे त्याला पचत नाही.

सगळ्यात सोपा उपाय सेटिंगच्या बाहेरचा आहे. कोल्हापुरात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मेमध्ये सातच्या सुमारास. हंगाम थंडीत सुरू होतो, तेव्हा साडेपाचला सराव चालू झाला तर वॉर्म-अप होईपर्यंतच उजेड गेलेला असतो. ज्या ड्रिलचा व्हिडिओ हवाय ते ड्रिल आधी घ्या, स्ट्रेचिंग आणि फेऱ्या नंतर. प्रशिक्षकांना कारण सांगितलं तर ते ऐकतात.

पट्टा: बोटं घालून बघा

फ्रेम स्वच्छ आहेत पण उड्या मारतायत, असं निघालं तर कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी पट्ट्याला लावा. बाजारात मिळणाऱ्या छातीच्या पट्ट्याला पुढं प्लास्टिकची पाटी असते, खांद्यावरून दोन आणि कमरेच्या वर एक असे इलॅस्टिकचे पट्टे, मागं पाठीवर ते एकत्र येतात. घालताना पोरं उभ्यानं, श्वास सोडून घट्ट करतात. मग पळताना छाती फुगली की दम कोंडतो, म्हणून पाचव्या मिनिटाला स्वतःच सैल करतात. छाती पूर्ण भरून श्वास घ्या आणि तेव्हा आवळा. पट्ट्याखाली दोन बोटं सरकावीत, तिसरं जाऊ नये. वॉर्म-अप झाल्यावर इलॅस्टिक घामानं ओलं होऊन ढिलं पडतं, तेव्हा पुन्हा एकदा आवळा. ही दुसरी आवळणी जवळपास सगळे विसरतात.

पॉलिस्टरच्या जर्सीवर पट्टा घसरतो. आत अंगाला घट्ट बसणारा बनियन किंवा कॉम्प्रेशन टी-शर्ट, त्यावर पट्टा, एवढंच ठेवा. जर्सी घालायचीच असेल तर ती पट्ट्याच्या आत घाला आणि मागून कमरेला खोचा. आमच्याकडं पट्ट्याचे टाके उसवले की पोरं नवीन पट्टा मागवतात. त्यापेक्षा चप्पल लाइनीत, म्हणजे कोल्हापुरी चपलांच्या बाजारात, कोणत्याही कारागिराकडं घेऊन जा. पाठीवरच्या जोडाला आणि पाटीच्या चारही कोपऱ्यांना दुहेरी टाका मारून मागा. पाटीच्या आतल्या बाजूला पातळ फोम आणि त्यावर मऊ कातडं शिवून घ्या. पाटी अंगाला चिकटून बसते आणि पडल्यावर बरगडीला लागत नाही. कातड्याचं काम करणारी माणसं हाताशी असणं ही आपल्या गावाची सोय आहे, ती वापरा.

आता पाटीवरचा जोड. कॅमेऱ्याच्या तळाला प्लास्टिकची दोन पाती, माउंटला तीन, ती एकमेकांत बसतात आणि आडवा स्क्रू त्यांना दाबून धरतो. कॅमेरा दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. कट्-कट् आवाज आला किंवा किंचितही खेळ जाणवला, तर पळताना तो खेळ प्रत्येक पावलाला होणार. स्क्रू नुसत्या हातानं पुरेसा आवळला जात नाही, पान्यानं पाव फेरा जास्त द्या. तरी खेळ राहिला तर पाती झिजली आहेत, तो सांधा बदला. वायसर घालून भागवलं तर पंधरा मिनिटांत पुन्हा ढिलं होतं. आणि कॅमेरा पुढं काढणारा वाकडा दांडा वापरत असाल तर काढून टाका. कॅमेरा छातीपासून जितका लांब, तितका झोका मोठा. साधा ॲक्शन कॅमेरा दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो आणि ते वजन दांड्याच्या टोकाला लावलं की कुठलाही पट्टा हरतो. नवीन घेणारच असाल तर अंगठ्याएवढे, तीस-चाळीस ग्रॅमचे छोटे कॅमेरे आता मिळतात. छातीसाठी मी तेच सुचवेन, चित्र थोडं उन्नीस-बीस असलं तरी.

व्हिडिओत नुसती जमीन आणि स्वतःचे बूट दिसतात, ही याच्याच जोडीची तक्रार. कारण साधं आहे: कोन उभ्यानं लावलेला असतो आणि पळताना धड पुढं झुकतं. खेळाडूला पळायच्या पवित्र्यात, गुडघे वाकवून उभं करा, वीस पावलांवर एकाला समोर थांबवा आणि फोनच्या ॲपमध्ये बघत कॅमेरा वर करा. समोरच्याचं डोकं फ्रेमच्या मध्याच्या थोडं खाली यायला हवं. मग खेळाडू सरळ उभा राहिला की आभाळ जास्त दिसेल, ते चालतं. कोन पक्का झाला की वाय-फाय बंद करा, नाहीतर बॅटरी तिथंच जाते.

इथं एक गोष्ट प्रशिक्षकांसाठी. छातीवरचा कॅमेरा खेळाडूचं धड कुठं वळलंय ते दाखवतो, त्याची नजर कुठं होती ते दाखवत नाही. पास घेण्याआधी त्यानं मान वळवून मागं बघितलं का, हा मिडफिल्डरच्या बाबतीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, त्याचं उत्तर या व्हिडिओत मिळणार नाही. त्यासाठी डोक्याचा पट्टा लागतो, आणि तो लावून हेडिंग किंवा अंगाला अंग भिडणारं कुठलंही ड्रिल घ्यायचं नाही. सगळ्यात बरं म्हणजे टचलाइनवर स्टँडला एक मोबाईल लावा, दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवून बघा. दोन्ही रेकॉर्डिंग चालू झाल्यावर एक मोठी टाळी वाजवा, त्या आवाजावर दोन्ही जुळवता येतात.

दिव्याखालचे पट्टे

टर्फवर रात्री खेळणाऱ्यांना हा त्रास होतो. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. कॅमेऱ्याचं अँटी-फ्लिकर सेटिंग ६० हर्ट्झवर असेल तर ते ५० करा, काही मॉडेलांत याच सेटिंगला 'पाल' (PAL) म्हणतात. मग २५ किंवा ५० फ्रेमचे पर्याय येतील. शटर १/१०० वर ठेवा. होय, वर मी १/२४० सांगितलं होतं, पण लुकलुकणाऱ्या दिव्याखाली ते धरलं की पट्टे येतात. इथं दोन्हीपैकी एक सोडावं लागतं. चांगल्या ड्रायव्हरचे (दिव्याला वीज पुरवणाऱ्या भागाचे) एलईडी दिवे असतील तर ही अडचणच येत नाही, त्यामुळं आधी १/२४० वर अर्धा मिनिट घेऊन बघा आणि पट्टे दिसले तरच खाली या.

मध्येच रेकॉर्डिंग बंद पडत असेल तर

याचं थोडक्यात. मेमरी कार्डावर व्ही३० (V30) असं छापलेलं हवं, म्हणजे ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहू शकतं. सेकंदाला १०० मेगाबिटच्या (आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट) फोर-के रेकॉर्डिंगला सेकंदाला साडेबारा मेगाबाइट लागतात, तासाला ४५ जीबी. ६४ जीबीचं कार्ड असेल तर तासाभराच्या सरावाला जेमतेम पुरतं. छापील क्षमता खोटी असलेली कार्डं बाजारात फिरतात. खरी क्षमता तपासणारे फुकट प्रोग्रॅम आहेत, नवीन कार्ड आधी त्यातून काढा. कार्ड फॉरमॅट करायचं ते कॅमेऱ्यातच.

एप्रिल-मेच्या उन्हात बंद पडत असेल तर ती गरमी. हे कॅमेरे वाऱ्यावर थंड होतात, आणि जर्सीखाली दडपलेल्या कॅमेऱ्याला वारा मिळत नाही, वर अंगाची ऊब मिळते. कॅमेरा उघडा ठेवा, १०८०पी वर या, ड्रिल संपलं की बंद करा. बॅटरी फुगलेली दिसली, कप्प्यातून निघताना अडकली, तर ती पुन्हा चार्जिंगला लावू नका. नवीन घ्या.

सामन्यात लावायचा का?

नाही. फुटबॉलच्या नियमावलीतल्या चौथ्या नियमानुसार खेळाडूला सामन्यात इलेक्ट्रॉनिक किंवा संपर्काचं साधन अंगावर ठेवता येत नाही. परवानगी असेल तिथं फक्त कामगिरी मोजणारी ट्रॅकिंग यंत्रणा चालते. शाहू स्टेडियमवर पंच तुम्हाला बाहेर काढतील आणि ते बरोबरच करतील. २०२५ च्या क्लब विश्वचषकात पंचांच्या कानाशी लावलेल्या कॅमेऱ्यातलं चित्र सगळ्यांनी बघितलं, तेव्हापासून पोरं विचारतात की आपल्याला का नाही. ती सोय पंचांसाठी होती आणि प्रायोगिक होती. खेळाडूच्या छातीवरचा कॅमेरा २०२२ च्या जुलैमध्ये कलोन आणि एसी मिलान यांच्या सामन्यात दिसला, तोही मैत्रीपूर्ण सामना होता. आपल्याकडं मैत्रीपूर्ण सामन्यात लावायचा असेल तर पंच, समोरचा संघ आणि आपले प्रशिक्षक या तिघांना सामन्याआधी विचारा. गोलरक्षकाला मात्र सरावातसुद्धा छातीवर लावू नका. झेप घेऊन छातीवर पडणं हे त्याचं रोजचं काम, आणि मध्ये टणक डबा आला तर बरगडी जाते. लहान मुलांच्या सरावाचं चित्रण करायचं असेल तर पालकांना आधी सांगा, व्हिडिओ कुठं टाकणार तेही सांगा.

एवढं करूनही थरथर राहिली तर

मग कॅमेऱ्यावर संशय घ्यायला हरकत नाही. दिवसा, भर उजेडात, कॅमेरा भिंतीच्या कठड्यावर घट्ट टेकवा, स्टॅबिलायझेशन चालू ठेवा आणि एक मिनिट रेकॉर्ड करा. काहीही हलत नसताना क्षितिज आपोआप एका बाजूला सरकत असेल किंवा चित्र थरथरत असेल, तर जायरो बिघडलाय किंवा फर्मवेअरमध्ये (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) गडबड आहे. आधी फर्मवेअर अपडेट करा, कॅमेरा सपाट जागेवर ठेवून पुन्हा चालू करा आणि तीच चाचणी घ्या. फरक पडला नाही तर सर्व्हिस सेंटरला जा. जाताना दोन फाइल बरोबर न्या: कठड्यावरची ही, आणि १/४८० शटरवर सकाळी पळताना घेतलेली. संध्याकाळचा व्हिडिओ दाखवू नका. तो बघून तिथला माणूस उजेड कमी होता म्हणेल आणि कॅमेरा न उघडताच परत देईल.